आजार एकाचा, परीक्षा घराची

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षीचे खर्चाचे विवरणपत्र ज्यांनी बारकाईने पाहिले असेल, त्यांना त्यात ‘विद्यार्थ्यांसाठी नाट्य उपक्रम’ अशी एक लहानशी बाब आढळली असेल. रक्कम किरकोळ आहे. परंतु तिच्याविषयी आम्हांला जितके प्रश्न विचारले गेले, तितके मोठ्या यंत्रसामग्रीविषयीही विचारले गेले नाहीत. रुग्णालयाने रुग्णांवर उपचार करावेत, नाटके कशाला बसवावीत, असा त्या प्रश्नांचा आशय होता. प्रश्न रास्त आहे. दात्याने विश्वासाने दिलेला पैसा कोठे गेला, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. नावे पडलेल्या प्रत्येक रकमेसमोर जमा काय झाले, हे पाहण्याची सवय आम्हांला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. म्हणून आज इतर सर्व विषय बाजूस ठेवून या एकाच बाबीचा हिशेब आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षांकडे मागितली. ती त्यांनी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

प्रथम ज्या घरांसाठी हा उपक्रम आहे त्या घरांविषयी बोलू. उदाहरण म्हणून मूत्रपिंडाचा विकार घेऊ. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास साधारणतः आठवड्यातून दोन ते तीन वेळा डायलिसिस करावे लागते व प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राशी जोडलेले राहावे लागते. आठवड्यातून तीन वेळा धरले तर वर्षाच्या 156 खेपा झाल्या. यंत्रावर रुग्ण एकटा असतो. परंतु प्रत्येक खेपेस घरातील कोणीतरी त्याच्याबरोबर येते आणि बाहेरच्या बाकावर बसून राहते. त्या व्यक्तीचा त्या दिवशीचा रोज, दुकान, शेतातील काम किंवा महाविद्यालयातील तास बुडालेला असतो. घरी परतल्यावर रुग्णाच्या पिण्याच्या पाण्याचे माप सांभाळावे लागते, त्याची भाजी उकळून वरचे पाणी ओतून द्यावे लागते, मीठ जपून घालावे लागते. यांपैकी काहीही रुग्णालयाच्या देयकात येत नाही. हे देयक घरातील माणसे स्वतंत्रपणे, आपापसांत न बोलता, फेडीत असतात.

या घरांतील विद्यार्थ्यांकडे आमचे लक्ष गेले ते याच कारणाने. आठवीपासून पदवीपर्यंतची मुले-मुली मांडीवर वही घेऊन त्या बाकांवर बसलेली असतात. डॉक्टर वडीलधाऱ्यांशी बोलतात, वडीलधारी माणसे एकमेकांशी दबल्या आवाजात बोलतात, आणि मुलांना ‘तू फक्त अभ्यासाकडे लक्ष दे’ असे सांगितले जाते. हे सांगण्यामागे माया असते, यात शंका नाही. तथापि मुलांना बहुतेक सर्व कळलेले असते. कोणाशी आणि कोणत्या शब्दांत बोलावे, एवढेच त्यांना कोणी शिकविलेले नसते. पोहायला न शिकविता पुरात उभे करावे, तशी त्यांची अवस्था होते.

अशा घराचे दुःख मराठी रंगभूमीला नवे नाही. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकाने मतिमंद मुलाच्या आईवडिलांची घालमेल पुष्कळ वर्षांपूर्वी रंगमंचावर आणली. अशा नाटकाने प्रेक्षक अंतर्मुख होतो, हे त्याचे मोठे सामर्थ्य होय. आमच्या समाजसेवा विभागापुढील गरज मात्र थोडी निराळी होती. विद्यार्थ्याने पाहावे, हळहळावे आणि घरी जावे, एवढ्याने भागणारे नव्हते. त्याने स्वतः उठावे आणि बोलून पाहावे, अशी रीत आम्हांला हवी होती.

ती रीत ब्राझीलचे नाटककार आणि दिग्दर्शक आगुस्तो बोआल यांनी घालून दिलेली आहे. 1931 मध्ये जन्मलेल्या बोआल यांना लष्करी राजवटीत 1971 साली अटक झाली व पुढे देश सोडावा लागला. 1973 मध्ये ते पेरू देशातील साक्षरता मोहिमेत काम करीत होते. तेथे नट एखाद्या कुटुंबाची अडचण रंगवून दाखवीत, प्रेक्षक उपाय सुचवीत आणि नट तो करून दाखवीत. बोआल यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, एकदा प्रेक्षकांतील एका स्त्रीने सुचविलेला उपाय नटांनी वारंवार करून दाखविला, तरी तिचे समाधान होईना. आपल्याला काय म्हणायचे आहे ते यांना कळतच नाही, असे तिला वाटले. शेवटी बोआल यांनी तिलाच रंगमंचावर बोलावले. तेव्हापासून प्रेक्षकाने सूचना देऊन न थांबता स्वतः भूमिकेत शिरावे, ही पद्धत रूढ झाली. तिला ‘फोरम थिएटर’ म्हणतात. आम्ही तिला साध्या भाषेत ‘सहभागी नाटक’ म्हणतो.

ही पद्धत आपल्या देशातही रुजलेली आहे. पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुली यांनी 1985 मध्ये स्थापन केलेली ‘जन संस्कृति’ ही संस्था खेड्यापाड्यांत असे प्रयोग करीत आली आहे. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसने 2011 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी याच पद्धतीची कार्यशाळा घेतली. 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात तर वर्तणूक, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे शिक्षण सर्व वर्षांना आवश्यक केलेले आहे. भावी डॉक्टरांना रुग्णाच्या कुटुंबाशी बोलण्याचे शिक्षण द्यावे लागते, हे आता सर्वमान्य आहे. कुटुंबातील मुलांनी डॉक्टरांशी आणि एकमेकांशी कसे बोलावे, याची तजवीज मात्र कोठेच नाही. ती उणीव आपल्या परीने भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

आता प्रत्यक्ष नाटकाविषयी. ते जेमतेम वीस मिनिटांचे आहे. पडदा नाही, रंगभूषा नाही. चार खुर्च्या, एक चादर आणि औषधांची पिशवी एवढेच साहित्य. परिचर्या विद्यालयाच्या विद्यार्थिनी, समाजकार्याचे प्रशिक्षणार्थी आणि आमचे काही कर्मचारी भूमिका करतात. काकांची भूमिका आमचे एक रुग्णवाहिका चालक करतात, आणि ती इतकी हुबेहूब करतात की प्रयोगानंतर मुले काही वेळ त्यांच्याशी बोलायलाच धजत नाहीत.

कथा एका तालुक्याच्या गावातील कुटुंबाची आहे. वडिलांचे डायलिसिस सुरू झालेले आहे. बारावीत शिकणारी सतरा वर्षांची मुलगी त्यांच्यासोबत रुग्णालयात येते, म्हणून तिचे तास बुडतात. महाविद्यालयात सर तिला सर्वांदेखत गैरहजेरीचा जाब विचारतात. ती खाली मान घालून उभी राहते. रुग्णालयाच्या देयक खिडकीवर तिला ‘मोठ्या माणसाला पाठवा’ असे सांगितले जाते. घरी काका येतात. ते जमीन विकण्याचे ठरवून टाकतात, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा विषय निघताच ‘वहिनी आहेत की’ असे म्हणून तो विषयही संपवितात. वहिनी चहाचे कप उचलून आत जातात. मुलगी काही बोलायला तोंड उघडते, आजी तिला डोळ्यांनी गप्प करते, आणि नाटक तेथेच संपते.

त्यानंतर खरे काम सुरू होते. आपल्या परंपरेतील नाव घेऊन ज्याला आम्ही सूत्रधार म्हणतो, तो प्रेक्षकांसमोर येऊन विचारतो, “हे असेच व्हायला हवे होते का?” मग नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ज्या क्षणी निराळे काही घडू शकले असते असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल, त्या क्षणी त्याने ‘थांबा’ असे म्हणावयाचे आणि त्या मुलीच्या किंवा तिच्या बाजूच्या माणसाच्या जागी स्वतः उभे राहावयाचे. नट आपापल्या भूमिका सोडत नाहीत. काका काकांसारखेच वागतात. एक नियम मात्र कटाक्षाने पाळला जातो. आजार नाहीसा करावयाचा नाही, लॉटरी लावावयाची नाही, काकांना एका वाक्यात देवमाणूस करावयाचे नाही. तसे कोणी केले तर सभागृहाने ‘जादू!’ असे ओरडावयाचे. हाही बोआल यांच्याच पद्धतीचा भाग आहे.

प्रयोगांत काय घडते, हे आम्ही मागच्या रांगेत बसून पाहिले आहे. सर्वप्रथम बहुधा एखादा तावातावाने उठलेला मुलगा काकांशी भांडतो. काका आवाज चढवितात, आजी रडू लागते, आजारी वडील उठून बसण्याचा प्रयत्न करतात, आणि आपण घरातील ताण वाढविला हे त्या मुलाच्या आपोआप लक्षात येते. त्याला कोणी उपदेश करावा लागत नाही. दुसरा कोणी येतो आणि मुलीच्या भूमिकेतून सांगतो, “मी माझी किडनी देईन.” सभागृहात टाळ्या पडतात. मग सूत्रधार थांबून माहिती देतो की, मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यानुसार आणि त्याच्या पुढील दुरुस्तीनुसार अठरा वर्षांखालील मुलांना जिवंतपणी अवयव देण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्या वयाच्या मुलावर घरातून असे दडपण येत असेल, तर कायदा त्याच्या बाजूने उभा आहे, हे त्यास ठाऊक असावयास हवे.

एका प्रयोगात एक विद्यार्थिनी उठली. ती काकांकडे गेलीच नाही. कप घेऊन आत निघालेल्या आईच्या मागे ती गेली, तिच्या हातातील कप खाली ठेवले आणि म्हणाली, “आई, तुला कोणी विचारलं का?” आईची भूमिका करणाऱ्या परिचारिकेला या प्रश्नाचे उत्तर संहितेत दिलेले नव्हते. ती बराच वेळ गप्प राहिली. सभागृहही गप्प होते. मग ती हळूच म्हणाली, “मला द्यायची आहे गं. पण मला विचारलेलं हवं होतं.”

दुसऱ्या एका प्रयोगात दुसऱ्या मुलीने हाच प्रश्न केला, तेव्हा त्याच परिचारिकेने निराळे उत्तर दिले. “मला भीती वाटते,” एवढेच ती म्हणाली. दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि दोन्हींचा मान राखला गेला पाहिजे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक आहे आणि ते मिळणाऱ्यांमध्ये पुरुषांचे अधिक, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. त्यांपैकी पुष्कळ जणी अंतःकरणापासून देतात, आणि तो त्याग वंदनीयच आहे. परंतु संमती ही विचारून घ्यावयाची गोष्ट आहे; गृहीत धरावयाची नव्हे. कायदाही तेच सांगतो. दात्याची संमती स्वेच्छेची असली पाहिजे. शिवाय मृत्यूनंतरच्या अवयवदानाचा मार्ग आहे. त्यासाठी रुग्णाचे नाव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नोंदविता येते. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी केंद्रे आहेत. ‘वहिनी आहेत की’ या एका वाक्याने जे दार बंद झाले होते, ते विद्यार्थ्यांसमोर असे थोडे उघडते.

देयक खिडकीच्या प्रसंगाविषयी काही हितचिंतकांनी नापसंती दर्शविली. आपल्याच खर्चाने आपल्याच रुग्णालयाची अशी प्रतिमा का दाखवावी, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही तो प्रसंग वगळू दिला नाही. कारण विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी पडणारी माहिती याच प्रसंगातून मिळते. ‘थांबा’ म्हणून उठलेला विद्यार्थी खिडकीवर वाद घालतो, विनवण्या करतो आणि परत फिरतो. मग कोणीतरी विचारते, “येथे समाजसेवक कोठे बसतात?” हा प्रश्न आला की सूत्रधार नाटक थांबवितो. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. त्याशिवाय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. कोणती कागदपत्रे लागतात आणि ती कोणाकडे द्यावयाची, हे तेथेच सांगितले जाते. जमीन विकण्याआधी एक प्रश्न विचारावयाचा असतो, आणि तो सतरा वर्षांची मुलगीही विचारू शकते, हे ज्याने स्वतःच्या तोंडाने एकदा विचारून पाहिले, तो ते विसरत नाही. माहितीपत्रके आम्ही यापूर्वीही वाटली होती. त्यांतील कित्येक आमच्याच आवारात उडत असलेली आम्ही पाहिली आहेत.

गैरहजेरीच्या प्रसंगाचाही असाच अनुभव आहे. तेथे बहुधा वर्गातीलच कोणी उठतो आणि त्या मुलीच्या मैत्रिणीच्या जागी उभा राहतो. काही जण सरांना सर्वांसमक्ष सारे सांगून टाकतात; मग सूत्रधार त्या मुलीचे काम करणाऱ्या विद्यार्थिनीस विचारतो, “तुला हे आवडले का?” ती नाही म्हणते. दुसऱ्याचे दुःख त्याच्या परवानगीवाचून चव्हाट्यावर आणणे ही मदत नव्हे, हे त्या एका ‘नाही’ने कळते. मग कोणी तास संपल्यावर सरांना एकटे गाठतो, कोणी नुसती आपली वही तिच्यापुढे सरकवितो. वही सरकविणाऱ्याला सर्वांत कमी टाळ्या मिळतात. परंतु आमच्या मते त्या मुलीला सर्वांत आधी लागणारी वस्तू तीच असते.

या उपक्रमाच्या मर्यादांची जाणीव आम्हांला आहे. नाटकाने कोणाचे मूत्रपिंड पूर्ववत होत नाही. सहभागी झालेल्या विद्यार्थ्याच्या घरी पुढे काय घडले, हे मोजण्याचे साधन आमच्यापाशी नाही, आणि म्हणून यशाचा कोणताही आकडा आम्ही या अहवालात छापलेला नाही. काही पथ्ये मात्र आम्ही काटेकोरपणे पाळतो. कोणत्याही विद्यार्थ्याला ‘तुझ्या घरी असे आहे का’ असे विचारले जात नाही. नाटकातील कुटुंब हे आमच्या कोणत्याही रुग्णाचे कुटुंब नाही. अनेक घरांतील साधारण अनुभव घेऊन ते रचलेले आहे. प्रयोगानंतर समाजसेवा विभागातील एक व्यक्ती सभागृहाच्या दाराजवळ काही काळ थांबते. कोणाला बोलावेसे वाटले तर बोलावे. न वाटल्यास तसेच जावे. शिक्षकांनाही तशी आगाऊ कल्पना दिलेली असते.

आता हिशेबाकडे वळतो. या उपक्रमाच्या खर्चात डायलिसिसचे यंत्र तर सोडाच, त्याचा एखादा मोठा सुटा भागही आला नसता. भूमिका करणारे मानधन घेत नाहीत. खर्च होतो तो प्रवासाचा, चहाचा आणि तालमीच्या वेळेचा. त्यासमोर जमेस काय धरावे? यंत्राची चार तासांची खेप उत्तम प्रकारे पार पाडणारे तंत्रज्ञ आपल्याकडे आहेत. परंतु त्या खेपेला रुग्णाने येत राहणे हे घरावर अवलंबून असते. पैसा संपला, सोबतीला येणारे माणूस थकले, घरात तंटा झाला, की खेपा चुकू लागतात, आणि चुकलेल्या खेपेचे मोल रुग्णास प्राणाने चुकवावे लागू शकते. घर सावरले तर उपचार टिकतो. घर सावरण्यासाठी जे बोलावे लागते, त्याची तालीम संकट येण्यापूर्वी करता यावी, एवढाच या खर्चाचा हेतू आहे. आम्ही ही रक्कम करमणुकीच्या सदरात न लिहिता रुग्णसेवेच्या सदरात लिहिली आहे, आणि लेखापरीक्षकांनी विचारल्यास हेच कारण सांगण्याची आमची तयारी आहे.

बोआल 2009 मध्ये वयाच्या 78 व्या वर्षी निवर्तले. अखेरच्या काळात ते स्वतः रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. त्यांनी दिलेली पद्धत आज अशा घरांच्या कामी येत आहे, याची नोंद कृतज्ञतापूर्वक करावीशी वाटते.

दात्यांना आमची विनंती आहे की, या बाबीकडे त्यांनी ममतेने पाहावे. पैशाहून अधिक गरज आहे ती दारे उघडण्याची. आपणांपैकी अनेक जण शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. आपल्या महाविद्यालयात एका दुपारी दोन तास आणि एक मोकळे सभागृह मिळाले, तरी आमचे काम होते. विश्वस्त मंडळाने आरंभी शंका व्यक्त करूनही परवानगी दिली आणि पुढे स्वतः प्रयोगास येऊन बसले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आणि रुग्णांच्या आप्तेष्टांना हात जोडून एकच सांगावयाचे आहे. आपल्या घरातील मुलांपासून आजार लपविण्यात आपली माया आहे, हे आम्ही जाणतो. तरीही आज घरी गेल्यावर त्यांना जवळ बसवावे आणि त्यांच्या वयाला झेपेल इतके खरे सांगावे. त्यांनी प्रश्न विचारला तर ‘तुला काय करायचंय’ असे म्हणू नये. उत्तर ठाऊक नसेल तर ‘उद्या डॉक्टरांना आपण दोघे मिळून विचारू’ असे म्हणावे. आमचे डॉक्टर आणि समाजसेवा विभाग त्या प्रश्नासाठी वेळ राखून ठेवतील, ही हमी आम्ही रुग्णालयाच्या वतीने देतो.